चोवीस दिवसांचं पाणी

हात कोपरापर्यंत पाण्यात गेला आणि कुणी चावलं नाही.

झालं ते एवढंच. पाच महिन्यांनी पहिल्यांदा ती टाकीपाशी स्टुलावर चढली होती. आदल्या दिवशी डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, एकदा तिच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, जखम छान भरली, आता वाका, चढा, उचला, काय हवं ते करा. म्हणून आज रविवारी, नवरा भाजी आणायला बाहेर पडल्याबरोबर, कारण तो असता तर 'अगं थांब, मी करतो' म्हणत पुढे झाला असता, तिने बाही खांद्यापर्यंत सारली, टाकीच्या काठावर पोट टेकलं आणि कलंडलेला एक प्रवाळ सरळ करायला हात आत घातला. पाणी ओळखीचं होतं. पंपाचा झोत मनगटाला ओळखीचा लागत होता. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे समुद्रफुलाच्या, दगडाला चिकटून राहणाऱ्या त्या मऊ जिवाच्या, झुलत्या बोटांमधून बाहेर आले, त्यांनी हात बघितला, आणि पळाले. मागच्या दगडाच्या कपारीत जाऊन दडले. तिचा हात तसाच पाण्यात राहिला, बोलावणं नसताना पानावर जाऊन बसलेल्या पाहुण्यासारखा.

नऊ वर्षं तो हात चावून घेत आला होता. या माशांत मादी थोरली आणि नर धाकटा. घर मादीचं, कायदाही मादीचा. त्यांच्या टाकीतल्या मादीला घरात सगळे फौजदारीण म्हणत, आणि तिच्या आडोशाने दिवस काढणाऱ्या नराला बापुडा. फौजदारिणीला आपल्या समुद्रफुलाच्या वीतभर हद्दीत काही आलेलं खपत नसे. काच पुसायला हात आत गेला की ती वरून खाली सुरीसारखी यायची आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या सांध्यावर, नेमकी तिथेच, डसायची. रक्त येत नसे, पण इतक्या वर्षांत त्या जागची कातडी जराशी जाड झाली होती, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटाची होते तशी. "खायला घालणाऱ्या हातालाच चावते," नवरा म्हणायचा, "अगदी तुझ्या माहेरची." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. ओळखते म्हणून चावते. परका हात असता तर पळाली असती. हे वाक्य ती आल्यागेल्यांसमोर शंभरदा हसत बोलली असेल. आता तेच वाक्य वळून तिच्याकडे बघत उभं राहिलं.

विसरली असेल, तिने स्वतःची समजूत घातली. पाच महिने हात आत गेला नाही; माणसं विसरतात तिथे माशाची काय कथा. पण हात बाहेर काढून, कोपरावरून ओघळणारं पाणी न पुसता ती काचेपाशी खाली बसली, आणि नऊ वर्षांत बघितलं नसेल इतकं त्या दोघांकडे बघत राहिली. फौजदारिणीच्या मधल्या पट्ट्याला डाव्या अंगाला खालून एक बारीक काटा फुटलेला होता. उजव्या अंगाला तसं काही नव्हतं. आता समोर फिरणाऱ्या या मादीच्या उजव्या अंगाचा पट्टा हुबेहूब फौजदारिणीच्या उजव्या अंगासारखा होता. पण डावं अंगही कोरं, काटा नाही. म्हणजे कुणीतरी उजवीकडून काढलेला फोटो समोर धरून, दुकानातल्या पन्नास माशांतून ही निवडली होती. पाच महिने हे डावं अंग तिच्यासमोरून फिरत होतं आणि तिला दिसलं नव्हतं. दिसणार कसं? दवाखान्यातून आली तेव्हा ती दोन्ही हातांनी भिंत धरून चालत होती, टाकीसमोरच्या खुर्चीत उशा लावून तिला बसवलं होतं, मासे लपले होते, आणि नवरा कानाशी म्हणाला होता, "त्यांनाही तुझी आठवण येत होती गं. रुसलेत." ती रडली होती. आपण नसताना कुणीतरी रुसलं, याचं केवढं सुख वाटलं होतं. मग मासे हळूहळू बाहेर आले, तसतसा रुसवा गेला असं तिने धरलं. आणि जे डोळ्यांनी एकदा धरलं ते पुन्हा तपासायचं कुणाच्या मनात येतं?

तिचं तर पोटच तपासण्यावर चाललं होतं. शहराला नळाने जे पाणी जातं त्याच्या बाटल्या रोज तिच्या टेबलावर येत. ती थेंब टाकून, रंग बघून, आकडे लिहून खाली सही करी. त्या प्रयोगशाळेत एक शब्द होता, कोरडं रीडिंग. बाटली न उघडता, काल जे होतं तेच आज असणार म्हणून बसल्या जागी लिहिलेला आकडा. निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याची अशी कोरडी रीडिंगं तिने पकडली होती आणि साहेबांपुढे नेली होती. पाणी कधी दोन दिवस सारखं नसतं, हे तिचं तेव्हाचं वाक्य अजून तिथे तिची नक्कल म्हणून चालतं. ती उठली. टाकीखालच्या कपाटातून वही काढली. दवाखान्यातले चोवीस दिवस नवऱ्याने लिहिले होते. नवरा घरांचे नकाशे काढी; त्याचे आकडे छापल्यासारखे. खारटपणा १.०२५. खारटपणा १.०२५. पान उलटलं तरी १.०२५. ही वही तिने घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात बघितली होती आणि मनात म्हटलं होतं, किती जपलं याने, माझ्याहून नीट. तिच्यासारख्या बाईने म्हटलं होतं हे. प्रेमाने डोळ्यांवर पट्टी बांधली तर गाठ किती सुबक बसते.

टाकी आणली तेव्हा लेक अकरा वर्षांची होती. पहिला दीड महिना आत नुसतं खारं पाणी, वाळू आणि समुद्रातून आलेले भोकाभोकांचे दगड. मासे विकणारा म्हणाला होता, टाकी पिकू द्या ताई, आधी न दिसणारे जीव दगडात वस्ती करतात, घाण पचवायला शिकतात, मग दिसणारे आणायचे. घाई केलीत तर सगळे मरतील. त्या माणसाला सगळे दर्याकाका म्हणत. कपाटाएवढ्या दुकानात अख्खा समुद्र मांडून बसलेला, आणि त्याच्याहून वीस वर्षांनी मोठं गिऱ्हाईकही त्याला काकाच म्हणे. लेक रोज विचारी, मासे कधी? नवरा म्हणे, लोक घरात कुत्रं आणतात, तुझ्या आईने ओले दगड आणलेत. पण एके संध्याकाळी तोच खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. "काही दिसतंय?" त्याने विचारलं. ती म्हणाली, काहीच नाही. "मग छान चाललंय," तो म्हणाला, आणि दोघं जेवणवेळेपर्यंत दगडांकडे बघत बसली. लग्नाआधी दोन वर्षं दोघं एकाच कचेरीत होती, तेव्हापासूनचं अरे-तुरे. पण संसार म्हणून काही आहे असं तिला वाटलं ते त्या संध्याकाळी. जिथे काही दिसत नाही तिथेही चाललेलं असतं, यावर दोघांनी मिळून ठेवलेला तो विश्वास होता. आणि आज तिला कळत होतं की न दिसणाऱ्या जागेत काहीही चालू शकतं.

नवरा भाजी घेऊन आला. तिने वही कपाटात ठेवून दिली. दुपारी जरा पाय मोकळे करून येते म्हणून निघाली आणि थेट दर्याकाकाच्या दुकानात गेली. त्याने तिला बघून हातातली जाळी खाली ठेवली. बऱ्या दिसता ताई, म्हणाला, आणि मग अगदी सहज, "नवी जोडी रुळली का?"

"रुळली," ती म्हणाली. आपला आवाज एवढा सरळ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

मग तो सुटलाच. पाच महिने पोटात ठेवलेलं माणूस बोलतो तसा भडभडून बोलला. साहेब कसे फोन हातात धरून तीन वेळा आले, दर खेपेला मासा पाण्यात बघून, फोटोत बघून मान हलवत परत गेले. शेवटी पलीकडच्या शहरातून ही जोडी मागवली. समुद्रफूलही नवं, प्रवाळ सहा नवे, दोन तेवढे जुने वाचले. साहेब भोळे हो, तो हसत म्हणाला. टाकीतलं पाणी रोज उडतं, ते भरून काढायला रोज खारंच पाणी घालत होते. चांगलं मापून, ढवळून, वेळेवर. तिच्या डोळ्यांसमोर तो उभा राहिला, बादलीत मीठ ढवळणारा. पाणी उडतं, मीठ उडत नाही. कमी झालेल्या जागी साधं पाणीच घालायचं असतं. हे तिने दवाखान्यात जायच्या सकाळी घाईत सांगितलं होतं की राहून गेलं होतं? तो रोज समुद्रावर समुद्र ओतत राहिला, खारटपणा चढत गेला, आधी समुद्रफूल विरघळलं, मग त्याच्या कुजण्याने मासे गेले. म्हणजे खारटपणा मोजायची नळी डोळ्याला लावून उजेडाकडे एकदाही बघितलं नाही त्याने. त्या वहीत नुसतं लिहिलं. आई तिची कामाच्या नादात ओळी गुणगुणायची, अर्थ न सांगता, अर्थ न विचारता:

पाणी उडून गं जातं, मीठ राहतं तळाला,
गोड बोलून गं जातो, कढ राहतो गळ्याला.

"तुमच्या लेकीने पण शपथ घातली होती मला," दर्याकाका म्हणत होता. "साहेब म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, हिला कसलाही धक्का बसता कामा नये. आता तुम्हाला सांगून टाकलं त्यांनी, सुटलो बुवा."

ती हो म्हणाली, सांगितलं त्यांनी. दुकानाच्या पायऱ्या उतरली. रस्त्यावर नेहमीचा रविवार होता, झाडाच्या सावलीत लावलेल्या सायकली, बंद दुकानांची शटरं. म्हणजे लेकीला माहीत होतं. भेटायला आलेल्या जाऊबाई टाकीसमोर बसून 'काय टवटवीत दिसतात गं' म्हणाल्या होत्या, त्यांनाही असणारच. लादी पुसायला येणाऱ्या बाईने तर मेलेले मासे कागदात गुंडाळले असतील. सगळे तिच्याभोवती बसून तिला माशांत रमलेली बघत होते, आंधळी कोशिंबीर खेळताना मधल्या पोरीला बघतात तसे. पण हे सगळं तिच्या मनात आलं आणि बाजूला सरकलं. तिचं पाऊल वेगळ्याच ठिकाणी अडकलं होतं. धक्का कसला? पोटातली साधी गाठ निघालेल्या बाईला धक्का का बसू नये?

दवाखान्यातला एकोणिसावा दिवस. टाक्यांत पू झाला होता, ताप उतरत नव्हता. नवरा गाठीच्या तपासणीचा कागद घेऊन आला आणि खिडकीपाशी उभं राहून त्याने वाचून दाखवला. गाठ साधी आहे, काढून टाकली, संपलं. मग कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. तिने हात पुढे केला नाही. चिठ्ठी नसलेली बाटली परत पाठवणारी ती, तिला कागद बघावासाही वाटला नाही. तहान लागलेला माणूस पाणी तपासत नाही. आणि दर महिन्याला तिच्या दंडाला पट्टी बांधून रक्त काढत होते, ते म्हणे रक्त वाढलं का बघायला. नवरा खिडकीवरून रिपोर्ट घ्यायचा, बघायचा आणि अंगठा वर करायचा. पाच वेळा. तिने स्वतःच्या रक्ताच्या बाटलीवरची चिठ्ठी एकदाही वाचली नव्हती.

संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर कुणाच्या तरी घराचा नकाशा काढत होता. ती समोर बसली आणि म्हणाली, "फौजदारीण कधी गेली?"

पेन्सिल थांबली. मग त्याने ती पट्टीला समांतर ठेवली, आणि रडायला लागला. चौदाव्या दिवशी, तो म्हणाला. सकाळी टाकी दुधासारखी पांढरी झाली होती, वास येत होता, बापुडा वर तरंगत होता आणि ती खाली, त्या फुलाच्या चिखलात, अजून हलत होती. तिला ओंजळीत घेतलं, बादलीत नेलं, तोवर संपलं. वहीत काय लिहू कळेना. "समुद्र कमी झाला तर समुद्रच घालायचा, असं वाटलं गं मला." हे तो इतकं लहान तोंड करून म्हणाला की तिला हसू आलं. खरंच आलं. तोही हसला, नाक पुसत, आणि म्हणाला, किती हलकं वाटतंय, रोज मनात यायचं सांगू सांगू. त्या क्षणी सगळं तिथेच मिटलं असतं. चूक झाली होती, ती प्रेमाच्या पोटी झाली होती. घरात अशा चुका पचवायला जागा असते, ती तिच्याकडेही होती. तिला ती माफी अंगात चढत आलेली कळत होती, उन्हात बसल्यावर चढते तशी ऊब. म्हणून तिने विचारलं. त्याला पकडायला विचारलं नव्हतं, दार उघडून धरायला विचारलं होतं.

"अजून काही सांगायचं राहिलंय का? आज सांगून टाक. आज सगळं माफ आहे."

त्याने डोळे पुसले. सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "नाही गं," तो म्हणाला. "अजून काय असणार?"

तो आवाज तिने ऐकला होता. त्यांनाही तुझी आठवण येत होती गं, रुसलेत. तोच मऊपणा, शेवटी तोच जरासा उतार. केसाने गळा कापतात तो असा. कापणाऱ्याचा हात थरथरत नाही, कारण आपण काही कापतोय हे त्याला ठाऊकच नसतं. त्याला वाटतं आपण केस सारखे करतोय. ती उठली, ताटं घेतली, जेवण वाढलं. तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

सोमवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दवाखान्यातली जुन्या कागदांची खिडकी तळघरात होती. खिडकीतल्या बाईने मान वर न करता विचारलं, पेशंट तुमचे कोण? ती म्हणाली, मीच. बाईने मान वर केली. अर्जात नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते दोघींना कळेना. शेवटी तिने 'स्वतः' असं लिहिलं. फाईल यायला पाऊण तास लागला. ती बाकावर बसून राहिली. भीती म्हणावी तशी नव्हती. उलट, कितीतरी महिन्यांनी आपण आपल्या जागेवर बसलोय असं काहीतरी होतं.

पहिल्या पानावर गाठीचं नाव होतं, लांबलचक. त्याचा अर्थ तिला माहीत होता, कुणालाही कळला असता. खाली लिहिलं होतं, पुन्हा उद्भवण्याची शक्यता, दर महिन्याला रक्त तपासावे. त्याखाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात: पतीला सविस्तर कल्पना दिली, पतीच्या विनंतीवरून रुग्णास सांगितलेले नाही. रुग्णास. ती सही करायची त्या कागदांवर 'नमुना' असा शब्द असे. तिला तोच आठवला. मग पाच महिन्यांचे पाच आकडे होते, एकाखाली एक. अकरा. बारा. बारा. सतरा. सव्वीस. आकडे वाचणं तिचा धंदा होता. पहिल्या तिघांना तिने काही म्हटलं नसतं. चौथ्यावर बोट ठेवलं असतं, पुन्हा नमुना आणा म्हटलं असतं. पाचव्याला ती खुर्चीवरून उठली असती. पाचव्याला नवऱ्याने खिडकीपासून चालत येत अंगठा वर केला होता आणि येताना तिच्यासाठी शहाळं आणलं होतं. तिने वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांची दुसऱ्या दिवशी अकराची वेळ घेतली. सोबत कोण येणार, असं तिथल्या मुलीने विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा तो लवकर आलेला होता. दार त्यानेच उघडलं. तिच्या हातातला दवाखान्याचा मोठा लिफाफा त्याने बघितला आणि तो दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर बसला. आत पंपाचा आवाज चालला होता.

"तू हसत होतीस," तो म्हणाला. "पाच महिने हसत होतीस. मला वाटलं, जेवढे दिवस मिळतील तेवढे..."

"ती भीती माझी होती," ती म्हणाली. "माझी होती ती. तू कोण ती घेणारा?"

"एकट्याने भिऊन भिऊन अर्धा झालो गं मी."

खरं होतं ते. ती बघत होती. गळ्याभोवती सदरा सैल झाला होता, कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं. हेही तिला पाच महिने दिसलं नव्हतं. तिला त्याची कीव आली, आतड्यातून आली, आणि त्या किवेने काहीच बदललं नाही याचं तिला आश्चर्य वाटलं. एवढी वर्षं तिला वाटे की माया आणि विश्वास एकाच भांड्यातलं पाणी आहे, एक असलं की दुसरं असतंच. भांडी दोन होती. एक काठोकाठ भरलेलं तिच्या हातात होतं, आणि दुसरं केव्हाच रिकामं झालं होतं.

तिने लिफाफा टेबलावर ठेवला. त्याला हाताला धरून उठवलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. ती समोर बसली.

"कागद हातात आला तिथपासून सांग," ती म्हणाली. "सगळं सांग. काही गाळू नकोस. मला सगळं हवंय."

त्याने मान हलवली. पाण्याचा घोट घेतला. आठवण्यासाठी डोळे मिटले, आणि बोलायला लागला.

"मी जिन्यात उभा होतो. बाहेर कडक ऊन होतं त्या दिवशी," तो म्हणाला.

ती ऐकत होती, सगळा जीव कानात आणून. आणि त्याचं पुढचं वाक्य यायच्या आत तिच्या मनाने हळूच विचारलं: होतं का ऊन?